लाभार्थी दिसला पाहिजे

माझ्या फोनात तीनशे सोळा माणसं उभी आहेत
आपापल्या ठिबकच्या शेजारी.
मागे संत्र्याची झाडं, पायाशी काळी नळी,
खाली कोपऱ्यात पिवळ्या अक्षरांत
अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ.
मुलीचे वाढदिवस मी पेनड्राइव्हवर हलवले
यांना जागा व्हावी म्हणून.

नियम साधा आहे. संच दिसला पाहिजे,
शेत दिसलं पाहिजे, लाभार्थी दिसला पाहिजे.
मग अनुदान.

लोक तयार होऊन येतात.
कुणाचा लग्नातला सफारी, कुणाच्या टोपीला ताजी नीळ.
डोरलीच्या एका आजोबांनी नवे दात बसवले होते,
पाइपकडे बघा म्हटलं तर खट्टू झाले.
एकानं बैल धुऊन आणला.
बैल चालते काय मॅडम?
चालतो. बैलाबद्दल परिपत्रकात काही नाही.

काटोलच्या पुढे, जाम नदीच्या अल्याड,
गट नंबर एकशे बावन्न, देवमन चरपे.
सोडतीत नाव लागलं, पूर्वसंमती आली,
संच बसला, बिल चढलं. राहिला फोटो.
देवमन बुटीबोरीला कंपनीच्या गेटवर असतो,
रविवारीच गावात येतो.
मार्च तोंडावर. मी रविवारी गेले.

फिल्टर कधी धुता?
त्यानं बायकोकडे पाहिलं.
ॲसिड किती दिवसांनी सोडता?
त्यानं बायकोकडे पाहिलं.
बेबीनंदा सांगत गेली:
बुडापासून दोन हात दूर रिंग टाकली,
मुळं काई खोडापाशी पानी पेत नाही, मॅडम.
उंदरानं कुरतडलं तिथं सायकलची ट्यूब बांधली.
चौथ्या ओळीले प्रेशर कमी येते,
थे लाइन मी पहाटेच सोडतो, एकटी.

मग त्यानं शर्ट खोचला, भांग पाडला.
ती बाजूला झाली, कुणी न सांगता,
पाहुण्यांपुढे चहा ठेवून व्हावं तशी.
मी बटण दाबलं.

अकरा दिवसांनी अर्ज परत.
शेरा: छायाचित्रात अन्य व्यक्ती.
मी फोटो मोठा केला, अजून मोठा केला.
देवमन एकटाच.
मग दिसली:
पाचच्या उन्हात त्याच्या बुटांवरून, नळीवरून
पार झाडाच्या बुंध्याला टेकलेली सावली,
कमरेवर हात ठेवलेली.

साहेबांना म्हटलं, सर, ही सावली आहे.
कुणाची?
शेतकऱ्याची.
ते म्हणाले, शेतकरी तर हा उभा आहे ना.

पुढच्या रविवारी पुन्हा गेले, भर बारा वाजता,
सावल्या ज्याच्या त्याच्या पायाशी आखडतात तेव्हा.
बेबीनंदाला विहिरीपलीकडे उभं केलं.
तिथून ती ओरडली, आनखी सरकू काय?
मला काही बोलता येईना.
हातानंच थांब म्हटलं.

पैसे जमा झाले.
मेसेज बुटीबोरीच्या गेटवर वाजला,
त्यानं लगेच फोन केला, हे तिनंच सांगितलं,
आणि चौथ्या ओळीसाठी नवा व्हॉल्व्ह आणल्याचंही.

अपलोड झालं की फोटो डिलीट करायचे, अशी तोंडी सूचना आहे.
मंजूर झालेला मी डिलीट केला.
परत आलेला ठेवला.

आठवडी बाजारात भेटली तेव्हा तिला दाखवला.
म्हटलं, बघ, तू आहेस यात.
पिशवी खाली ठेवून, हात पदराला पुसून
तिनं फोन घेतला, दोन बोटांनी फोटो ताणला,
सावलीवरून पुढे गेली, बुंध्याच्या उजवीकडे थांबली.
म्हणाली, हा ड्रिपर बंद दिसून राह्यला.